इंदुताईंचं पॅरिस

१

मे अखेरचा नवतपा लागला की नागपुरात दुपारचं कोणी कोणाला बोलावत नाही, आणि बोलावलं तरी शहाणं माणूस जात नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या अशाच एका रणरणत्या दुपारी भावजयीनं रिक्षा पाठवली, तेव्हाच प्रेमिला मोहोड काय ते समजल्या. "कोणी आजारी असतं तं डॉक्टरले बोलावलं असतं," डोक्यावर ओला पंचा टाकत त्या म्हणाल्या. "मले बोलावलं म्हणजे भांडण हाय."

प्रेमिलाबाई वकील होत्या. जिल्हा कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांच्या तोंडचं पाणी पळवणारी बाई. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण पांढरी साडी आणि मनगटापर्यंत बाह्यांचं पांढरं पोलकं हा वेश सुट्टीतही सुटला नव्हता.

धंतोलीतल्या घरात पाय टाकला, तर इंदुताई उघड्या कपाटासमोर कपाळाला हात लावून बसलेल्या.

"गेलं बाई! माझं पॅरिस गेलं!"

हे पॅरिस म्हणजे एक सेंटाची बाटली होती. इंदुताईंचा भाऊ मधुसूदन तिकडे फ्रान्सला नोकरीला. मागच्या खेपेला त्यानं बहिणीसाठी ही काचेच्या बुचाची बाटली आणली, आणि तेव्हापासून इंदुताईंनी ती जपली ती जपलीच. सणालग्नाला एक बोट लावायच्या आणि घरभर सांगत हिंडायच्या. मोहोडांचा संत्र्याचा व्यापार मोठा, घरात सोनंनाणं कमी नव्हतं. पण सोनं काय, धंतोलीत घरोघरी होतं. पॅरिस एकट्या इंदुताईंकडे होतं.

प्रेमिलाबाईंनी कपाटात डोकावून पाहिलं. वरच्या फळीवर करंडा, चांदीची अत्तरदाणी, कूलरच्या पाण्यात घालायच्या वाळ्याच्या अत्तराची लाखेनं बंद केलेली बाटली, आणि तिच्या शेजारी धुळीत उमटलेला एक गोल. त्या गोलात काल सकाळपर्यंत पॅरिस उभं होतं.

"किल्ली?"

"माझ्या कमरेले. आंघोळीले गेली का देवघरातल्या खिळ्याले. सगळ्यायले माहीत हाय."

"जाऊ दे ना वं, सेंटच तं हाय," मधुकरराव खुर्चीतून म्हणाले. प्रेमिलाबाईंचे हे थोरले भाऊ. संत्र्याच्या लिलावात वाघ, घरात मांजर.

"कायचं जाऊ दे? परवा रविवारी साखरपुड्याले मधुसूदन येऊन राहिला. त्याले मी पत्रानं कळवलं, का तुझ्या पॅरिसनं माझ्या जावेच्या, गोपिकाच्या अत्तराची कशी जिरवली ते तूच हुंगून पाह्यजो म्हणून. आता त्याले काय दाखवू, रिकामा गोल?" इंदुताईंचा आवाज एकदम खाली आला. "अन् चोर कोण हाय ते मले माहीत हाय. चोर या घरची होणारी सून हाय."

कूलरपाशी उभ्या असलेल्या अनंतनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

झालं होतं ते असं. काल जया, म्हणजे अनंतशी जिचा रविवारी साखरपुडा व्हायचा ती कन्हानची मुलगी, पोलक्याचं माप द्यायला आली होती. ती जायला निघाली तेव्हा तिच्या अंगाला पॅरिसचा वास आला. इंदुताईंनी कपाट उघडून पाहिलं, तर बाटली नाही. त्यांनी शिंपिणीसमोर पोरीची पर्स उपडी केली. त्यातून एक एवढीशी काचेची कुपी पडली.

"कुठची म्हणून विचारलं तं म्हणते, 'माझी हाय.' बस. पुढं तोंडातून शब्द नाही! माझ्या पॅरिसमधून ओतून घेतलं अन् बाटली कुठं तरी फेकली. मी निरोप धाडला कन्हानले. उद्या या अन् आमची साडीचोळी वापस आणून द्या. चोराची पोरगी मले नाही पाहिजे."

प्रेमिलाबाईंनी भाच्याकडे पाहिलं. या पोराला त्यांनी सायकल शिकवली होती, त्याच्या इंजिनियरिंगच्या फीसाठी भावाशी भांडल्या होत्या. आता तो कळमेश्वरला स्वतःचा छोटा कारखाना टाकत होता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! "अनंत, तू काय म्हणतं?"

"मी काय म्हणू, आत्या. आईचं चाललं हाय..."

प्रेमिलाबाईंनी हात पुढे केला. "ती कुपी द्या. उद्या सगळे जमतील तवा मी सांगतो कोण चोर ते. तोवर हा शब्द कोणं उच्चारायचा नाही. पोरीची जन्मभराची बदनामी हाय, वयनी, गंमत नाही."

रिक्षात बसल्यावर त्यांनी कुपीचं बूच काढलं आणि हुंगलं. मन चरकलं. शंकाच नको. हा तोच वास होता.

२

शंका नव्हती, कारण त्या वासाच्या पंच खुद्द प्रेमिलाबाईच होत्या.

घरात दोन पक्ष होते. एक इंदुताईंचा पॅरिसचा आणि दुसरा धाकट्या जावेचा, गोपिकाचा, इतवारीतल्या ताराचंदच्या अत्तराचा. दोघींची खडाजंगी ऐकून ऐकून महिला मंडळातल्या बायाच कंटाळल्या. शेवटी मेच्या मध्यावर पैजच लागली. सकाळी फराळाला सगळ्या जमल्या. प्रत्येकीच्या, पंचाच्याही, डाव्या मनगटाला गोपिकाचा हिना, उजव्या मनगटाला पॅरिस. मग आपापल्या घरी जायचं, स्वयंपाक करायचा, घाम गाळायचा आणि संध्याकाळी परत यायचं. पंच हुंगून निकाल देणार.

"अन् पाहा," इंदुताईंनी तेव्हाच ठणकावलं होतं, "अत्तर शालूले लागलं तं शालू गेला. पॅरिस मी रेशमावर टाकलं तरी डाग पडत नाही. हे पाह्यलं पाहिजे पंचानं."

संध्याकाळी हिना दमला होता. पॅरिस मात्र एकेकीच्या मनगटावर ठाण मांडून बसलं होतं. जिजाबाई तर दुसऱ्या दिवशी सांगत आल्या, की आंघोळ केली तरी वास जाईना. गोपिका हरली आणि आठवडाभर जावेशी बोलली नाही.

म्हणून प्रेमिलाबाई आधी गोपिकाकडे गेल्या. वैर होतं, किल्लीचा खिळा माहीत होता. उलटतपासणीला साक्षीदार चांगली होती.

"मी कायले चोरू, बाई?" गोपिकानं माठातलं पाणी पुढं ठेवत विचारलं. "हरली ते हरली. पण एक सांगू? मले त्या निकालाचा अजून राग हाय."

"पंचावर?"

"पॅरिसवर. मागच्या वर्षी चांदूरच्या लग्नात वयनी माझ्याच बाजूले होती. सकाळी लावलं, अन् पंगत उठाच्या आत वास गेला. मंग कोपऱ्यात जाऊन पुन्हा लावलं. जेवल्यावर औषध घेते ना माणूस, तसं. मी मनात म्हटलं, हे कसलं पॅरिस, दोनदा घ्यावं लागते? अन् त्या दिवशी पैजेले पाहा, दिवसभर टिकलं! एका वर्षात सुधारलं काय ते?"

प्रेमिलाबाई हसल्या. हरलेल्या पक्षाची तक्रार म्हणून सोडूनही दिलं असतं. पण घरी आल्या, तर धोब्यानं आणलेला कपड्यांचा गठ्ठा ओसरीवर पडला होता, आणि वरच पैजेच्या दिवसाचं पोलकं होतं.

"पाहा ना," त्या मोलकरणीपाशी कुरकुरल्या, "दोन धुण्यात हा डाग गेला नाही."

डाव्या बाहीच्या टोकाला पिवळट तेलकट डाग होता. तो असायलाच हवा. डाव्या मनगटाला अत्तर होतं, आणि अत्तर तेलात बनतं. प्रेमिलाबाईंनी उजवी बाही उलगडली आणि उभ्याच राहिल्या.

उजव्या बाहीवरही तसाच डाग होता.

३

सकाळच्या पहिल्या बसनं त्या कन्हानला उतरल्या. जयाचे वडील वामनराव खाणीच्या ऑफिसात नोकरीला, अबोल माणूस. रात्रभर झोपले नसावेत. साखरपुड्याची साडी, नारळ, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं.

"आम्ही येतोच म्हटलं बाराच्या बसनं," ते म्हणाले. "वापस कराले. तुम्ही कायले तकलीफ घेतली?"

"मी वापस न्याले नाही आली. पोरीशी बोलाले आली."

जया माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. डोळे सुजले होते, पण पाठीचा कणा ताठ. प्रेमिलाबाईंना ती पहिल्यांदाच नीट दिसली, आणि मनापासून आवडली.

"कुपी कोणं दिली?"

"माझी हाय."

"तुझीच हाय. दिली कोणं?"

"ते नाही सांगत, आत्याबाई. शब्द दिला हाय."

"तो शब्द तुले लई महाग पडून राहिला, बाप्पा."

"पडू द्या. ज्याले दिला त्यानं सोडवला पाहिजे. मी नाही मोडणार."

प्रेमिलाबाईंनी पुढे दाबलं नाही. कोर्टात साक्षीदार जे सांगत नाही त्यातूनच अर्धा खटला कळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी टेबलावरचा टीपकागद ओढला आणि कुपीतला एक थेंब त्यावर सोडला. थेंब पसरला, वाळायचं नाव घेईना, आणि कागद त्या जागी आरपार दिसायला लागला.

"तेल," जया म्हणाली.

"हाव. विलायती सेंट कशात असते?"

"स्पिरिटमध्ये. उडून जाते, डाग नाही राहत." बोलता बोलता ती थबकली. "म्हणजे हे त्याईचं पॅरिस नव्हेच! आत्याबाई, तुमच्याकडे अखाजीच्या सणाले आम्ही सोयरिकीच्या बैठकीले आलो होतो ना, तवा कूलरमधून काय वास येऊन राहिला होता! आईनं विचारलं पण, का हा वाळा कुठचा म्हणून. कुपीचा वास तसाच हाय. पण अगदी तसा नाही. तो हलका होता, चहा येईस्तोवर उडूनही गेला. हा जड हाय, बसून राहते."

"कूलरमधून?" प्रेमिलाबाईंनी दोनदा विचारलं.

"कूलरमधून."

त्या झटक्यात उठल्या. "बाराच्या बसनं या. पण पिशवी वापस कराची का नाही, ते तिथं ठरवू."

४

इतवारीत ताराचंदचं दुकान अत्तरओळीच्या तोंडाशी. माणूस गादीवर लोड टेकून बसलेला, कानात अत्तराचा फाया, तोंडात पान. प्रेमिलाबाईंनी काही न बोलता कुपी पुढं ठेवली. त्यानं हुंगायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

"अपनाच माल हाय, वकीलबाई. कुपी पण आपली."

"कोणासाठी केला?"

"ते नाही सांगणार." त्यानं कानाला हात लावला. "गिऱ्हाइकाचं नाव सांगाले लागलो तं नागपुरातले अर्धे जावई उपाशी राहतील."

"नाव नको. काम सांगा."

कामाबद्दल मात्र ताराचंदला बोलायचंच होतं. तो सरसावून बसला. "गिऱ्हाईक काचेच्या बुचाची मोठी बाटली घेऊन आलं. बुडाशी दोन-चार थेंब. म्हणे, ताराचंदजी, हुबेहूब असंच पाहिजे. मी म्हटलं, वास मी बसवून देतो, नाक लावलं तं बेगमलेही फरक कळणार नाही. पण एक फरक मी नाही लपवू शकत. ते स्पिरिटवालं, उडते. माझं तेलातलं, उडणार नाही. मूळ माल दुपारी मरते, नकली माल रात्रभर जागते. तुमची चोरी पकडली गेली तं यानंच पकडली जाईल."

"मंग गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"हसलं. म्हणे, जास्त टिकलं म्हणून कोणी तक्रार करते काय? मी बाटली आधीच्या खुणेपर्यंत भरून देल्ली. उरलं ते या कुपीत."

"अन् हे कधी?"

"अखाजीच्या दुसऱ्या दिवशी. दुकान उघडलं नाही तं पह्यला तोच उभा."

प्रेमिलाबाई पायऱ्या उतरल्या, त्या मनाशी हिशेब जुळवतच. तर गोपिकाचं म्हणणं खरं होतं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पैजेच्या आधीच होऊन गेली होती. पैजेच्या दिवशी पॅरिस नव्हतंच. दोन्ही मनगटांवर ताराचंदच होता! इंदुताई जिंकल्या त्याच क्षणी त्यांच्या चोरीचा पुरावा सगळ्या मंडळानं हुंगला होता, आणि पंचानं निकाल देऊन वर टाळ्या वाजवल्या होत्या. स्वतःवरच त्या जाम चिडल्या.

पण मग प्रश्न वेगळाच झाला. बाटली परवा गेली. पॅरिस गेलं होतं अखाजीलाच. वर्षाकाठी दोन बोटं न सरणारं सेंट एका दिवसात गेलं कुठं?

५

धंतोलीला त्या पुढच्या दारानं गेल्या नाहीत. मागच्या आवारात कवडूची खोली होती. कवडू घरचा जुना गडी. कूलरमध्ये पाणी भरायचं, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, ही त्याचीच कामं.

हॉलच्या खिडकीतला कूलर बाहेरून धडधडत होता. प्रेमिलाबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. ताट्या कोऱ्या होत्या, वाळा अजून पिवळाधम्मक.

"कवडू, गुढीपाडव्याले तुम्ही नव्या ताट्या बसवल्या होत्या ना गा? मी होती तवा इथं."

"हाव बाई."

"मंग पुन्हा नव्या काहून?"

"अखाजीच्या दुसऱ्या दिवशी बदलाले लावल्या. म्या म्हटलं, चांगल्या हायेत. तं म्हणे, फेकून दे, धूळ बसली." कवडू ओशाळं हसला. "म्या नाही फेकल्या. आपल्या खिडकीले बांधल्या. लेकरायले थंडावा होते."

खोलीच्या खिडकीला त्या ताट्या बांधलेल्या होत्या, उन्हानं कडकडीत वाळून गेलेल्या. प्रेमिलाबाईंनी बादलीतला तांब्या भरला आणि खिडकीवर सपकन पाणी मारलं. मग नाक जवळ नेलं. आधी ओल्या वाळ्याचा वास आला. त्याच्या मागून, अगदी पुसट, हलकासा फुलांचा वास आला. जड नाही, तेलकट नाही. गोपिका म्हणाली होती तो, पंगत उठायच्या आत उडून जाणारा.

"बायको म्हणे, खोलीत मेमसाहेब येऊन गेली काय?" कवडू म्हणाला.

"या ताट्या फेकाले कोणं सांगितलं, कवडू?"

कवडूनं नाव सांगितलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

प्रेमिलाबाई ओट्यावर मटकन बसल्या. ऊन डोक्यावर होतं, पण त्यांना उठवेना. खटला जिंकूनही आनंद न व्हायची ही त्यांची पहिलीच वेळ.

६

सगळे हॉलमध्ये बसायच्या आधी त्यांनी अनंतला व्हरांड्यात गाठलं.

"तुले मले काही सांगाचं हाय काय, बेटा? आता सांगितलं तं तू आपणहून सांगितलं असं होईल."

अनंतनं त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, बोलेल. "नाही आत्या," तो म्हणाला.

हॉलमध्ये इंदुताई, मधुकरराव, गोपिका; समोर वामनराव मांडीवर पिशवी घेऊन, आणि जया. कूलर धडधडत होता. प्रेमिलाबाई कोर्टात उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या.

"वयनी, जयानं तुमचं पॅरिस चोरलं नाही. परवा बाटलीत पॅरिस नव्हतंच. पैजेच्या दिवशीही नव्हतं."

"काय बोलून राहिल्या, बाई! सगळ्यायनं हुंगलं."

"हुंगलं म्हणूनच सांगतो. तुम्हीच म्हणालत, पॅरिसचा डाग पडत नाही. हे पाहा." त्यांनी पोलकं टेबलावर पसरलं. "उजव्या बाहीले डाग. म्हणजे उजव्या मनगटाले तेल होतं. तुमचं पॅरिस पंगत उठेस्तोवर टिकत नव्हतं, वयनी, रागावू नका. गोपिकानं पाह्यलं हाय. पैजेले ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. वास तोच, वागणूक दुसरी. ताराचंदनं ते बनवलं, तो कबूल करते. अन् त्यातलंच उरलेलं जयाच्या कुपीत."

"म्हणजे मी हरलीच नाही!" गोपिका ओरडली. "दोन्हीकून ताराचंदच होता!"

"गोपिका, थांब जरा. आता पॅरिस कुठं गेलं? अखाजीच्या दिवशी पाव्हणे याच्या आधी तुम्ही कोणाले तरी सांगितलं, का कपाटातली अत्तराची बाटली आणून कूलरच्या पाण्यात घाल. आपल्याकडे घालतातच, वाळ्याचं अत्तर. बरोबर?"

"हाव. मी पुऱ्या तळून राहिली होती."

"ते अत्तर त्या दिवशी इतवारीतून नवीनच आणलं. वयनी, त्या बाटलीची लाख अजून फुटलेली नाही. काल मी कपाटात पाह्यली. तरी कूलरमधून सुगंध आला अन् जयाच्या आईनं त्याची तारीफ केली. मंग पाण्यात काय पडलं?"

इंदुताईंचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! मी सकाळी पॅरिस लावलं होतं, मले वाटलं माझाच दरवळ..."

"बाहेरच्या झळझळीत उन्हातून पडदे ओढलेल्या खोलीत आलेला माणूस. एका फळीवर दोन बाटल्या. घाईत हाताले लागली ती उपडी केली. यात गुन्हा काहीच नाही. कोणाच्याही हातून झालं असतं. पण मंग वयनीच्या भीतीनं ताराचंदकडे धाव, अन् कूलर पुन्हा बोलू नये म्हणून चांगल्या ताट्या फेकल्या. त्या कवडूच्या खिडकीले हायेत, पाणी मारून हुंगा. सगळं निभावलं असतं. पण वयनीनं मधुसूदनरावाले पत्र टाकलं. जो रोज ते सेंट पाहते, त्याले एका हुंगण्यात कळलं असतं. म्हणून बाटलीच गायब."

मधुकरराव पुटपुटले, "मी नाही वं, खरंच."

"तुम्ही नाही, दादा. शिंपिणीसमोर पर्स उपडी झाली तरी ही पोरगी कुपी देणाऱ्याचं नाव घेत नाही. असा शब्द पोरगी कोणासाठी पाळते? वयनी, अखाजीले तुम्ही कोणाले सांगितलं होतं?"

इंदुताईंनी हळूहळू मान वळवली. सगळ्यांनीच वळवली.

अनंत उठला, बाहेर गेला, आणि स्कूटरच्या डिकीतून फडक्यात गुंडाळलेली बाटली आणून टेबलावर ठेवली. "साखरपुडा झाल्यावर सांगणारच होतो," तो म्हणाला. "आई चिडते, तुम्हाले माहीत हाय. जयाले म्हटलं होतं, कुपी मी दिली सांगू नको, लग्नाआधी देल्लेलं आईले चालणार नाही. असं होईन, मले काय माहीत! दोन दिवसांत सगळं थंड झालं असतं..."

"परवा तुम्ही इथंच उभे होते," जया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या कूलरपाशी. माझी पर्स उपडी केली तवा."

"जया, मी..."

"बाटली सांडली, ठीक हाय. नकली भरली, मी हसली असती तुमच्यासोबत. पण मले चोर म्हटलं, अन् तुम्ही खाली पाहून राहिले. मी तुमचा शब्द पाळून राहिली होती, अन् तुम्ही माझ्यासाठी एक शब्द नाही बोलले." तिनं वडिलांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि टेबलावर, बाटलीशेजारी ठेवली. "साडी वापस हाय. मी देऊन राहिली. तुम्ही मागून राहिले म्हणून नाही."

अनंतनं प्रेमिलाबाईंकडे पाहिलं, लहानपणी सायकलवरून पडल्यावर पाहायचा तसं. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

उठल्या त्या इंदुताई. भरल्या घरात कधी कोणापुढे मान न झुकवलेली बाई पोरीसमोर उभी राहिली आणि तिनं हात जोडले. "माझं चुकलं, बाई. मी तुले चोर म्हटलं. मंडळात, धंतोलीत, जिथं जिथं बोलली तिथं जाऊन सांगतो, का मी खोटी बोलली."

"तुमच्यावर राग नाही, काकू," जया म्हणाली. "तुम्हाले माहीत नव्हतं."

ती निघाली. वामनराव तिच्या मागे. उंबऱ्यापाशी इंदुताईंनी हाक मारली, "थांब वं जराशी." त्यांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, हळदीकुंकवाचा करंडा काढला. मग वाळ्याची बाटली घेतली आणि करंड्याच्या कडेवर आपटून तिची लाख फोडली.

"अखाजीले हीच उघडाची होती," त्या म्हणाल्या. "या घरातून पोरगी तशीच जाऊ नये."

जयानं हळदीकुंकू लावून घेतलं, आणि मनगट पुढे केलं. इंदुताईंनी बुचाचं टोक त्यावर अलगद फिरवलं.

प्रेमिलाबाई बापलेकीला बसपर्यंत पोचवायला निघाल्या. फाटकापाशी जयानं मनगट नाकाशी नेलं.

"चांगलं हाय हे," ती म्हणाली. "किती टिकते, आत्याबाई?"

"मी सुट्टीवर हाय अजून. उद्या येतो कन्हानले," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तवा सांगजो मले."